अर्जात न मोजलेली मुलगी

तुमचे वडील हे तुमचेच वडील आहेत, याचा पुरावा काय?

रागावू नका. हा प्रश्न मी गेली सहा वर्षं पगार घेऊन लोकांना विचारते आहे. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर, साडीच्या एका दुकानाच्या वर, आमचं दोन खोल्यांचं वकिली ऑफिस आहे. वकील आहेत प्रभाकरकाका. मूळचे अमरावतीचे, सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून इथे आले, पंचेचाळिशीत नोकरी सोडून कायदा शिकले. मी त्यांची पॅरालीगल. म्हणजे वकील नाही, पण वकिलाने सही करायच्या आधीचं सगळं काम माझं: माणसाला समोर बसवायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहून काढायची, कागद जुळवायचे.

आमच्याकडे येणारे निम्मे लोक आसरा मागणारे असतात. मायदेशी परत गेलो तर जिवाला धोका आहे, असं ज्याचं म्हणणं आहे, त्याला ते इथल्या अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं. पुरावे बहुतेक वेळा मागे राहिलेले असतात. हातात उरते ती त्याची हकिकत. ती आम्ही पंधरा-वीस पानांत लिहितो आणि अधिकारी ती पानं घेऊन भोकं शोधायला बसतो. तारीख इथे एक, तिथे दुसरी. भाऊ इथे दोन, तिथे तीन. एक भोक सापडलं की उरलेलं कापडही फाटकंच असणार, असं तो धरून चालतो. म्हणून ती भोकं त्याच्या आधी मी शोधते. आमच्या अशिलावर पहिला अविश्वास आम्हीच दाखवायचा, हीच आमची सेवा.

मला हे जमतं. माझे बाबा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात गहू-तांदळापेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. शाळेच्या पुस्तकांना कव्हरंही उरलेल्या पत्रकांची. कुणी काही सांगितलं की आधी ‘यात फायदा कुणाचा?’ असं विचारायचं, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं. माझं नाव क्रांती, यावरून काय ते समजा. काका म्हणतात, “क्रांतीबाई, तू देवळात गेलीस तर देवाकडेही आयडी मागशील.” मागेन. देऊ दे.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मला दरवेळी कुणीतरी गाठतं आणि ऐकवतं: “यार, आम्ही इतकी वर्षं ग्रीनकार्डाच्या रांगेत उभे, आणि हे लोक खोट्या गोष्टी सांगून पुढे जातात.” मी त्यांना सांगते, हो, काही जण खोटं बोलतात. मी स्वतः पकडले आहेत. एका वर्षी एकाच गावचे तीन जण वेगवेगळ्या महिन्यांत आले. तिघांच्याही घराची काच दुपारी जेवताना फुटली होती आणि तिघांच्याही ताटात त्या वेळी मसूरच होती. तिसऱ्याला मी विचारलं, “तोंडी लावायला काय होतं?” तो गोंधळून दाराकडे बघायला लागला. कुणीतरी त्याला मसुरीपर्यंतच शिकवलं होतं. आम्ही ती केस घेतली नाही. आणखी एकाची बायको शेजारच्या खोलीत बसून सांगत होती की नवरा चहात साखर घेत नाही, आणि इकडे नवरा माझ्यासमोर तिसरा चमचा घालत होता. ते मात्र खरे नवरा-बायको निघाले. डॉक्टरने मनाई केली होती आणि तो बायकोपासून लपवत होता. तेव्हापासून मी साखरेचा प्रश्न विचारत नाही.

हे सगळं सांगते आहे ते येर्लानकडे येण्यासाठी. नावं इथे सगळ्यांचीच बदलली आहेत, आणि लिहायची परवानगी त्याने दिली आहे.

येर्लान कझाक. पण कझाकस्तानातला नाही, चीनच्या पश्चिम टोकाला इली नदीच्या खोऱ्यातला. तिथे गावातल्या शाळेत कझाक भाषेतून शिकवायचा. शिकागोत तो ट्रक चालवतो. पहिल्यांदा आला तेव्हा बोलायला दुभाषी लागली. ती आयगुल, अल्माटी शहरात वाढलेली, इथे शिकणारी विद्यार्थिनी.

अशा फाइलमध्ये माणसाच्या हकिकतीबरोबर त्याच्या लोकांचा इतिहासही जोडावा लागतो. ते माझं काम. दोन आठवडे मी कझाकांचा इतिहास वाचला आणि दर पानागणिक माझं डोकं तापत गेलं.

हे मेंढ्या-घोड्यांमागे फिरणारे लोक. एकोणीसशे तीसच्या आसपास सोव्हिएत सरकारने ठरवलं की फिरणं मागासलेपणाचं आहे. जनावरं काढून घेतली, माणसांना एका जागी बसवलं. ज्याचं जेवण चालत्या पायांवर होतं, त्याचे पाय बांधले तर तो खाणार काय? दहा लाखांहून जास्त माणसं उपासमारीने मेली. लाखो सरहद्द ओलांडून पळाली, त्यांत येर्लानचे पणजोबा. मागे जे लिहिणारे, शिकवणारे उरले, त्यांतल्या कितीतरी जणांना त्याच दशकाच्या शेवटी गोळ्या घातल्या. मी कामगारांच्या लाल झेंड्याखाली वाढलेली मुलगी. त्याच झेंड्याखाली हे झालं, आणि आमच्या घरातल्या एकाही पत्रकात याबद्दल एक ओळ नव्हती. मी बाबांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, “आम्हाला जे छापून आलं ते आम्ही वाटलं.” हे उत्तर मी अजून माफ केलेलं नाही.

आणि लिपी. कझाक आधी अरबी लिपीत लिहायचे. सरकारने ती काढून रोमन लावली. दहा-बारा वर्षांत तीही काढून रशियन लावली. आता स्वतंत्र देश पुन्हा रोमनकडे निघाला आहे. चीनमध्ये पळालेल्यांकडे मात्र अरबीच राहिली. आपली मोडी गेली तेव्हा आजोबांचे कागद आपल्याला वाचता येईनासे झाले. यांच्याकडे हे एका शतकात पुनःपुन्हा झालं. आयगुलला येर्लानची भाषा समजते, पण त्याने लिहिलेली चिठ्ठी वाचता येत नाही. एकाच भाषेचे दोन निरक्षर.

पुढे रशियनांनी त्यांच्याच माळरानावर चाळीस वर्षं अणुबॉम्ब फोडून पाहिले. त्याविरुद्ध हे लोक उठले, नेवाडातल्या चाचण्यांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकनांशी हात मिळवला आणि ते मैदान बंद पाडलं. त्याआधी शहाऐंशीच्या डिसेंबरात अल्माटीच्या चौकात पोरं जमली, कारण मॉस्कोने वरून एक परका माणूस त्यांचा प्रमुख म्हणून आणून बसवला होता. त्यांना बर्फात झोडपलं. एक्क्याण्णवमध्ये देश स्वतंत्र झाला आणि जगभरच्या कझाकांना ‘घरी या’ म्हणाला. पुष्कळ गेले. पण गेल्या दशकात इलीच्या खोऱ्यात कझाक शाळा चिनी झाल्या, माणसं ‘प्रशिक्षण’ या नावाखाली कुंपणाआड नेली जाऊ लागली आणि लोक सरहद्द ओलांडून आले, तेव्हा त्या ‘घरा’चा आवाज बारीक झाला. शेजारी मोठा आहे, त्याला दुखवायचं नाही. येर्लानचे वडील कुंपणाआड गेले. तो निसटून आधी अल्माटीजवळच्या एका खेड्यात पोचला, बायको आणि मुलगा मागून आले, मग त्याची आई आणि धाकटी बहीण आयझान. तिथेही आपल्याला परत पाठवतील ही भीती होती, म्हणून तो एकटा पुढे अमेरिकेत आला.

पहिल्या मुलाखतीत मी त्याला वडिलांचं नाव विचारलं. त्याने सात सांगितली. वडील, आजोबा, पणजोबा असं करत, श्वास न घेता, पाढ्यासारखं. शिवाय कोण कुठे पुरला आहे तेही. मी पेन्सिलीने बाजूला लिहिलं: ‘पाठ केलेलं?’ मसूरवाले असेच बोलायचे.

आयगुल हसली. “आमच्यात सगळ्यांना येतात. सात पिढ्यांच्या आत लग्न करायचं नाही, म्हणून लहानपणीच घोकून घेतात. मला पाचच येतात, आजी त्यावरून अजून बोलते.”

आपल्याला श्राद्धाला तीन लागतात आणि तीही गुरुजी आठवून देतात. मी पेन्सिलीचं लिहिलेलं खोडलं नाही.

मग रकाने. बायको? एक. मुलं? “एक,” येर्लान म्हणाला, “मुलगा, तीन वर्षांचा.” भावंडं? “बहीण, आयझान. अकरा वर्षांची.” मी टाइप केलं, आयगुलने वाचून दाखवलं, त्याने सही केली. त्याचं वय तेहतीस होतं. बावीस वर्षांनी लहान बहीण. इतकी संशयी मी, या एका गोष्टीवर माझी पेन्सिल थांबली नाही. माझ्या डोळ्यांना खोटं शोधायची सवय होती. मला न सुचलेलं खरं शोधायची नव्हती.

वर्षभराने त्याला आसरा मिळाला. अशा माणसाला बायको आणि मुलं बोलावता येतात, तीही निकालापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर. आई-वडील, भावंडं बोलावता येत नाहीत. बायको आणि मुलगा आले. येर्लानने ऑफिसात पेढे आणले, खालच्याच दुकानातले, आणि काकांना ‘काका’ म्हणून मिठी मारली.

ती दोन वर्षं संपायला एकोणीस दिवस उरले असताना, एका मंगळवारी, तो टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. तोवर त्याचं इंग्रजी चालण्याइतकं झालं होतं. मला तो ‘खानम’ म्हणतो, बाईसाहेब या अर्थी.

“खानम, मला एक मुलगी आहे.”

“अभिनंदन. कधी झाली?”

“चौदा वर्षांपूर्वी.”

“तुझ्या अर्जात एकच मूल आहे. तुझ्यासमोर लिहिलं, तुला वाचून दाखवलं.”

“ती तेव्हा माझी नव्हती.”

“मग आता कशी झाली?”

“आई वारली,” तो म्हणाला. “आयझान आता मावशीकडे आहे.”

आयझान. मी फाइल काढली. आयझान, बहीण. जन्माचा दाखला, घराच्या नोंदीचा कागद, सगळीकडे तिचे आई-वडील म्हणून येर्लानच्याच आई-वडिलांची नावं. बहीण बोलावता येत नाही, मुलगी येते. म्हणून बहिणीची मुलगी झाली. आपल्याकडे याला कबुतरबाजी म्हणतात. परक्याला घरचा दाखवून विमानात बसवायचं.

“येर्लान, मी तुझ्यासाठी दोन आठवडे तुझ्या लोकांचा इतिहास वाचून काढला,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “आणि तू मला हे आणून देतोस?”

आतल्या खोलीतून काका आले. “काय वं, कोणावर मोर्चा काढला?” मी सांगितलं. त्यांनी येर्लानला खुर्ची दिली आणि मला म्हणाले, “आधी चहा ठेव. मग आयगुलला बोलाव.”

आयगुल तासाभरात आली आणि दोन वाक्यांत मोकळी झाली. कझाकांत घरचं पहिलं नातवंड आजी-आजोबांचं असतं. नुसत्या लाडाचं नव्हे. ते त्यांचं मूल होतं, त्यांना आई-बाबा म्हणतं. जन्म देणाऱ्यांनी मोठ्यांसमोर त्याला ‘माझं’ म्हणायचं नाही, जवळ घेऊन मिरवायचं नाही. सगळीकडे आता पाळतात असं नाही, पण येर्लानच्या गावात पाळत होते. आयझान येर्लानला ‘आगा’ म्हणते, म्हणजे दादा.

“आणि हे तू मला तेव्हा सांगितलं नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत,” आयगुल म्हणाली. “आणि दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही, हा कागद तुम्हीच मला पहिल्या दिवशी सही करायला दिला होता.”

काका हसले. मला हसू आलं नाही. येर्लान टोपी फिरवत बसला होता. तो खोटं बोलला नव्हता. आई जिवंत असताना आयझानला आपली मुलगी म्हणून लिहिणं हेच त्याच्या लेखी खोटं होतं.

“तुम्हाला हे पटतंय?” मी काकांना मराठीत विचारलं.

“माझी पोरगी,” काका म्हणाले. ती आता श्रूजबरीत डॉक्टर आहे. “ती सहा महिन्यांची असताना आम्ही तिला अमरावतीला माझ्या आईकडे ठेवून आलो. मी दिवसा नोकरी, तुझी काकू संध्याकाळी. चार वर्षांनी आणायला गेलो. ती माझ्या आईला आई म्हणत होती. मला म्हणाली, ‘अहो काका, बसा ना.’ आणि माझ्या आईने तिच्या तोंडून शेवटपर्यंत मला बाबा म्हणवलं नाही. आई ते विसरली असेल म्हणतेस?”

“पण तुमच्या कागदांवर ती तुमचीच मुलगी होती.”

“हो. म्हणून मला कोणी मुलाखतीला बसवलं नाही.”

मग त्यांनी येर्लानला धोका समजावून सांगितला. हा अर्ज केला की अधिकारी म्हणू शकतो, तू पहिल्या वेळी खोटं लिहिलंस. मुलगी तर येणार नाहीच, तुझा आसराही पुन्हा तपासायला निघेल, त्याबरोबर बायकोचा आणि मुलाचाही. “घरी जाऊन दोघं मिळून ठरवा,” काका म्हणाले.

“ठरलंय,” येर्लान म्हणाला. त्याने खिशातून एक पत्र काढलं. “आईने मुलगी आम्हाला दिलीय. मरण्याआधी तिनेच हे लिहिलं.”

पत्र अरबी लिपीत होतं. त्याने ते वाचून दाखवायला सुरुवात केली आणि मी त्याला थांबवलं. आपल्या फायद्याचं पत्र आपणच वाचून दाखवायचं, हे कुठलाही अधिकारी मानणार नाही आणि मीही मानणार नव्हते. आयगुलला लिपी येत नव्हती. ती लिपी वाचणारा रीतसर भाषांतरकार शोधायला आठवडा लागणार होता, आणि पत्रात नक्की काय आहे हे मला त्याच्या आधी हवं होतं.

आमच्या शेजारी रशीदभाईंचं दुकान आहे. हैदराबादचे. अत्तर, जपमाळा, उर्दू पुस्तकं विकतात. मी त्यांना वर बोलावलं. येर्लानला बाहेर बसवलं. त्याने आधीच एका कागदावर त्याच्या लिपीतली वेगळी अक्षरं आणि त्यांचे उच्चार आयगुलला सांगून लिहून घेतले होते. तो कागद रशीदभाईंपुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. “अम्मा, ये उर्दू नईं है.”

“माहीत आहे. समजायला नको, फक्त जसं आहे तसं मोठ्याने वाचा.”

“क्या तो बी लिखा है. समझ में कुछ नईं आरा.”

“तुम्हाला समजत नाही म्हणूनच तुम्ही हवे आहात.”

ते वाचू लागले. अडखळत, एकेक अक्षर सोडवत, मधेच मागे जात. त्यांना वाचता येत होतं, समजत नव्हतं. आयगुलला समजत होतं, वाचता येत नव्हतं. दोघांच्या मधे मी वही घेऊन बसले होते, मला दोन्ही येत नव्हतं. पहिल्या चार ओळी आयगुलने ‘पुन्हा, पुन्हा’ करत पकडल्या. मग तिला लय सापडली आणि ती बोलत गेली.

‘आयझान झाली तेव्हा तुझ्या बायकोने तिला दूध पाजून माझ्या मांडीवर दिली. तुम्ही दोघांनी तिला कधी परत मागितलं नाहीत. तुझी बायको भिंतीकडे तोंड करून रडायची, ते मला दिसत होतं, तरी मी दिली नाही. आता मी देते आहे. तिचा बाप येण्याची वाट पाहू नकोस. तो आला तर सांग, मी त्याला न विचारता दिली.’

“थांब,” मी म्हणाले. “तिचा बाप? म्हणजे येर्लान नाही. पत्रातच लिहिलंय की बाप दुसरा आहे.”

 आयगुल उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. रशीदभाई घाबरले. “मैं कुछ ग़लत पढ़ दिया क्या, अम्मा?”

“नाही,” आयगुल म्हणाली, आमच्याकडे न वळता. “बरोबर वाचलंत. तिचा बाप म्हणजे येर्लानचे वडील. ते कुंपणाआड आहेत. म्हातारी त्यांची माफी मागते आहे.”

त्या क्षणी माझा विश्वास बसला. कुणी बनवून लिहिलं असतं तर ‘तिचा बाप’ असं कधीच लिहिलं नसतं. खोटं लिहिणारा अधिकाऱ्याला सोयीचं लिहितो. हे पत्र येर्लानच्या विरुद्ध जात होतं, म्हणून खरं होतं.

पण मला पटून काय उपयोग? काका म्हणाले, “पहिल्या अर्जात मुलगी का नाही, याचं कारण लिहावं लागेल.”

“येर्लानने रूढीप्रमाणे उत्तर दिलं, असं लिहू.”

“ते अर्धं झालं. प्रश्न कोणी विचारला?”

“मी.”

“कसा?”

“‘मुलं किती’ एवढाच.”

“आणि बावीस वर्षांनी लहान बहीण बघून?”

मी फाइल मिटली.

“मग तेही लिही,” काका म्हणाले. “तुझ्या नावाने. शपथेवर.”

दुसऱ्याच्या चुकांवर मी तासाभरात चार पानी पत्रक लिहू शकते. स्वतःच्या चुकीचं अर्धं पान लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात मी कझाक चालीरीतींवर दोन परिच्छेद लिहिले, दुसऱ्यात आयगुलकडे बोट दाखवलं, तिसऱ्यात ‘नजरचूक’ हा शब्द घातला. काकांनी तिन्ही परत केले. चौथ्यात लिहिलं, की मूल कुणी जन्माला घातलं आणि कुणी वाढवलं हे दोन वेगळे प्रश्न असतात, ते मी वेगळे विचारले नाहीत, आणि कागदावर खूण दिसत असूनही पुढे विचारलं नाही. मी स्वतः नवऱ्याच्या व्हिसावरून मिळालेल्या परमिटवर काम करते. सरकारी फाइलमध्ये आपल्या नावाने कबुली जाते आहे, या विचाराने सही करण्याआधी मी तो कागद दोनदा परत खणात ठेवला. तुमच्यातल्या अनेकांना ही भीती ओळखीची असेल.

येर्लान आणि आयझानची डीएनए तपासणी झाली. भाषांतरकाराकडून पत्राचं रीतसर भाषांतरही आलं; आयगुलने सांगितलं त्याहून वेगळं त्यात काही नव्हतं. अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. पुढे कित्येक महिने काही नाही. मग अल्माटीतल्या अमेरिकी कचेरीतून आयझानला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि येर्लान धावत ऑफिसात आला.

“तिला विचारतील, वडिलांचं नाव काय. ती माझ्या वडिलांचं सांगेल.”

“सांगू दे.”

“खानम, मी फोनवर तिला एकच सांगतो. एक नाव. फक्त माझं नाव घे म्हणून.”

“नाही.”

“एक नाव!”

“ते नाव घ्यायला शिकवलंस की ती मसूर झाली,” मी म्हणाले. त्याला अर्थातच कळलं नाही. मग नीट सांगितलं. तिने आजोबांचं नाव घेतलं तर ती काय म्हणते आणि का म्हणते हे आपण अर्जाच्या चौथ्या पानावर आधीच लिहिलं आहे. तिने शिकवलेलं नाव घेतलं तर आपलं चौथं पान खोटं ठरेल.

तो निघून गेला. काका दारात उभे होते. “उलटलं तर?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. तत्त्व माझं होतं, मुलगी त्याची होती. तो घरी जाऊन फोन करणार नाही याची खात्री मला नव्हती. खरं सांगायचं तर मुलाखतीच्या दिवसापर्यंत मी त्याच्यावर संशयच घेत होते.

मुलाखतीचा वृत्तांत मावशीकडून येर्लानला आणि त्याच्याकडून आम्हाला कळला. अधिकारी बाईंनी विचारलं, वडिलांचं नाव? आयझानने आजोबांचं सांगितलं. येर्लान कोण? आगा. मग अमेरिकेत कुणाकडे चालली आहेस? आयझान म्हणाली, “ज्यांनी मला आईला दिलं होतं त्यांच्याकडे.” मावशीला वाटलं, संपलं सगळं. बाईंनी फाइल उलटली, एक पान काढून वाचलं, डीएनएचा कागद पाहिला आणि विचारलं, “तुला जायचंय का?” आयझान म्हणाली, “आईने सांगितलंय म्हणजे जायचं.”

येर्लानने फोन केला नव्हता.

या उन्हाळ्यात ती आली. येर्लान तिला ऑफिसात घेऊन आला तेव्हा त्याची बायको दोघांच्या मागे चालत होती. सगळा वेळ तिची नजर मुलीच्या पाठीवर होती, हात मात्र स्वतःच्या पर्सवरच. अजून तिला हात लावायची सवय नव्हती. आयझान येर्लानला आगाच म्हणते. त्याने सुधारलेलं नाही. मी तिला सात नावं विचारली. तिने आजोबांपासून सुरुवात केली, एका दमात सातवर पोचली आणि मग माझ्याकडे बघून आयगुलला काहीतरी विचारलं.

“काय म्हणते?”

“म्हणते, या बाईंना किती येतात?”

काका खुर्चीत मागे रेलून हसले. “सांग ना, क्रांतीबाई.”

मला तीन येतात. तिने मान हलवली, बिचारी म्हणून.

ही केस सुटली, पण ती माझ्यामुळे सुटली नाही. माझ्यामुळे अडली होती. दुसऱ्या कुणीही, अगदी कुठल्याही मराठी मावशीने, तो पहिला अर्ज वाचला असता तरी ती म्हणाली असती, “अगं बाई, बहीण बावीस वर्षांनी लहान? असं कसं?” आणि घरातल्या तिघांचा आसरा धोक्यात घालावा लागला नसता.

म्हणून एक मागणं आहे. आमच्या ऑफिसात दर शनिवारी सकाळी दोन तास मला दुसरे डोळे हवे आहेत. वकील नको, कायदा यायला नको. मी लिहिलेला अर्ज वाचायचा, समोर बसलेल्या माणसाला दुभाष्यामार्फत घरातले साधे प्रश्न विचारायचे. कोणी जन्म दिला, कोणी वाढवलं, कोण कुणाकडे झोपायचं, पंगतीत कोण कुणाशेजारी बसायचं. जे ऐकाल ते बाहेर बोलायचं नाही, एवढ्या एका कागदावर सही. तुमचं नाव सरकारी फाइलमध्ये कुठेही जात नाही, तेव्हा व्हिसाची भीती बाळगू नका. आणि हे लोक खोटं बोलतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर जरूर यावं.

दिवाळी फराळाच्या दिवशी मंडळाच्या स्वागताच्या टेबलावर एक हिरवी वही असेल. तीत नाव आणि सोयीचा शनिवार लिहा. दिवाळीनंतरच्या पहिल्याच शनिवारी एक बाई येणार आहेत. त्यांच्या अर्जात ‘मुलं: दोन’ असं मी लिहिलं आहे. तो प्रश्न त्यांना माझ्याखेरीज कुणीतरी पुन्हा विचारायला हवा. कृपा करून या.